लिंक्ड लिस्ट उलटवल्यावर यादीत एकच नोड का उरतो?

जालना → परतूर → सेलू → परभणी ही लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक घटक (नोड) 'नेक्स्ट'मधून पुढच्या नोडचा पत्ता सांगतो अशी यादी, उलटल्यावर फक्त 'जालना' छापलं जातं, असा प्रश्न आहे. याची कारणं दोन असू शकतात, आणि दोन्हींत आउटपुट अगदी सारखंच येतं, म्हणून नीट बघा.

एक तर 'नेक्स्ट' जपून न ठेवताच पुसला गेला. जालन्याचा नेक्स्ट नल (रिकामा) केला की परतूरकडं जायची वाटच तुटते, लूप एका फेरीत संपतो. क्रम असाच हवा: आधी पुढचा नोड वेगळ्या व्हेरिएबलमध्ये, मग चालू नोडचा नेक्स्ट मागच्याकडं, मग 'मागचा' = चालू, शेवटी 'चालू' = जपलेला.

किंवा लूप बरोबर आहे, पण फंक्शननं परत जुना हेडच (पहिला नोड) दिला. तो आता शेपूट झालाय! 'मागचा' परत द्या.

लूपनंतर 'मागचा' छापून बघा: परभणी आलं तर चूक रिटर्नमध्ये, जालना आलं तर लूपमध्ये.

रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलावणं) मात्र इथं टाळाच. प्रत्येक नोडमागं स्टॅकची एक फ्रेम (त्या कॉलसाठी मेमरीतली जागा) लागते. पायथनमध्ये रिकर्शनच्या खोलीची मूळ मर्यादा 1000 आहे, मोठ्या यादीवर कोड तिथंच कोसळतो. वरच्या लूपला तीन पॉइंटर (मागचा, चालू, पुढचा) पुरतात.