मिठागरातले हॅलोफाइल: गुलाबी पाण्याची प्लेट कोरी का?

खानापूर_एमएस्सी
प्रोजेक्टचा विषय आहे किनाऱ्यावरच्या हॅलोफाइल, म्हणजे खाऱ्यात वाढणाऱ्या, जिवाणूंची विविधता. सॅम्पल शिरोड्याच्या मिठागरातले आणि गोकर्णजवळच्या साणीकट्ट्याचे. 0.85 टक्के सलाइनमध्ये डायल्यूशन केलं, न्यूट्रिअंट अगर या जिवाणू वाढवायच्या साध्या माध्यमात मीठ वाढवून प्लेटा लावल्या, 37 अंशाला 48 तास ठेवल्या. भरतीचं पाणी साठवतात त्या तळ्याच्या सॅम्पलला 5 टक्के मिठावर पांढऱ्या कॉलनी भरपूर आल्या. पण ज्या वाफ्यातलं पाणी चक्क गुलाबी होतं, त्याची 20 टक्क्यांची प्लेट कोरी. चुकतंय कुठं?

निपाणीकर
सलाइनमध्ये. हॅलोबॅक्टेरियमच्या जातीच्या पेशी मीठ 10-12 टक्क्यांखाली गेलं की फुटतात. प्लेटवर पोचायच्या आधीच नळीत संपल्या त्या. डायल्यूशनच्या पाण्यात 20 ते 25 टक्के मीठ आणि 2 टक्के मॅग्नेशियम सल्फेट पाहिजेच.

न्यूट्रिअंट अगरही सोडा. लिटरला मीठ 250 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 20, पोटॅशियम क्लोराइड 2, ट्रायसोडियम सायट्रेट 3, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 10, कॅसअमिनो ॲसिड 7.5, अगर 20, पीएच 7.4. एवढ्या मिठात अगर नीट विरघळत नाही, गुठळ्या होतात. म्हणून अगर थोड्या पाण्यात वेगळं ऑटोक्लेव्ह करा आणि दोन्ही गरम असतानाच मिसळा.

आणि 48 तासांत काय दिसणार? 37 ते 40 अंशाला दोन-तीन आठवडे ठेवा, प्लेटा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. उघड्या ठेवल्या तर सुकतात, मिठाचे खडे धरतात आणि तेच कॉलनी म्हणून मोजले जातात. शंका आली तर सुईनं टोचा: कॉलनी लोण्यासारखी लागते, खडा कुरकुरतो.

बेळगाव_मायक्रो
माध्यम सुधारलं तरी विषयाच्या नावातच एक अडचण आहे. गुलाबी वाफ्यातले बहुतेक जीव जिवाणू नव्हेतच, आर्किया आहेत, म्हणजे दिसायला जिवाणूंसारखे पण वेगळ्याच गटातले एकपेशी जीव: हॅलोरुब्रम, हॅलोआर्क्युला, चौकोनी पेशींचा हॅलोक्वाड्रॅटम. तो लाल रंग मुख्यतः त्यांच्या बॅक्टेरिओरुबेरिन या रंगद्रव्याचा. ड्युनालिएला शेवाळही त्यात भर घालतं. एवढ्या खाऱ्यात टिकणारा खरा जिवाणू म्हणजे सॅलिनिबॅक्टर रुबर, तोही लालच! रंगावरून ओळख ठरवू नका.

डीएनएवरून ओळख पटवायला पीसीआरमध्ये लावतात ते 27एफ-1492आर प्रायमर जिवाणूंचे. आर्कियासाठी वेगळे लावले नाहीत तर तुमच्या अहवालात निम्मी विविधता गायब. डीएनए काढणं मात्र सोपं: कॉलनी डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळली की पेशी आपोआप फुटतात. ते पाणी दहापट पातळ करून पीसीआरला घ्या, नाहीतर मीठ एन्झाइमला अडवतं.

विविधता बघायची तर एकाच वाफ्याला चिकटून राहू नका. समुद्राचं पाणी साधारण 3.5 टक्के, तिथं व्हिब्रिओ, मरिनोबॅक्टर. 5 ते 15 टक्क्यांत हॅलोमोनास, हॅलोबॅसिलस. ते पेशीत एक्टॉइन, ग्लायसिन बीटेन अशी सेंद्रिय द्रव्यं साठवून तग धरतात. आर्किया पेशीतच पोटॅशियम क्लोराइड भरून घेतात, म्हणून त्यांना कमी मीठ सोसत नाही. 5, 10, 15, 25 अशा चार माध्यमांवर प्रत्येक सॅम्पल लावा.

खानापूर_एमएस्सी
कॅसअमिनो महाग पडतंय. पेप्टोन चालेल का? आणि ग्रॅम स्टेन (पेशी रंगवून बघायची पद्धत) करताना सगळ्या पेशीच विरघळून जाताहेत.

निपाणीकर
काही पेप्टोनमध्ये पित्तक्षार असतात, तेसुद्धा आर्कियाच्या पेशी फोडतात. पित्तक्षार नसलेलं मिळालं तर 10 ग्रॅम घाला, चालतंय की. ग्रॅम स्टेनला स्मिअर, म्हणजे काचेवरचा पेशींचा पातळ थर, मिठाच्या पाण्यात करा, वाळवा, 2 टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये पाच मिनिटं बुडवा. न धुता वाळवून मग रंग द्या.

बेळगाव_मायक्रो
फक्त आर्किया हवे असतील तर माध्यमात अँपिसिलिन हे प्रतिजैविक घाला, मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅम. ते जिवाणूंच्या पेशीभिंतीतल्या पेप्टिडोग्लायकनवर घाव घालतं; आर्कियाच्या भिंतीत ते नसल्यानं त्यांना काही होत नाही, जिवाणू दबतात. घाट उतरायचा नसेल तर बाजारातला लाल डाग पडलेला खारा बांगडा आणा, तो डाग याच मंडळींचा असतो. एक ग्रॅम 9 मिलिलिटर 25 टक्के मीठपाण्यात खरवडून घ्या.

पुढचं सॅम्पलिंग मात्र एप्रिल-मेमध्येच. पावसाचं पाणी शिरलं की वाफे पातळ होतात. मत्स्यालयाचं रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) 10 टक्क्यांच्या वर दाखवत नाही, मोजून पातळ करून वाचा. कल्चरची बाटली फ्रीजरमध्ये टाकू नका.