जपानमधली एक छोटी गोष्ट : तुमचे अनुभव सांगा

फुजी, क्योटोची देवळं, शिनकान्सेन यांच्याबद्दल भरपूर लिहून झालंय. मला बारक्या गोष्टी ऐकायच्या आहेत. एखादी चव, एखादा वास, कुणाचं वागणं. जपानला जाऊन आलेल्यांनी, तिथे राहणाऱ्यांनी जरूर लिहा. सुरुवात मीच करते.

ओसाकाला शिकत होते. पहिल्याच हिवाळ्यात तापाने आडवी झाले. दोन दिवस जिन्यात दिसले नाही म्हणून घरमालकीण आजी वर आल्या, कपाळाला हात लावला आणि काही न बोलता खाली गेल्या. तासाभराने मातीच्या झाकणाच्या भांड्यातून ओकायु घेऊन आल्या. एक वाटी तांदूळ, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर शिजलेला भात, म्हणजे पेजच! वर मधोमध एक सुरकुतलेलं लाल उमेबोशी, म्हणजे मिठात मुरवलेलं उमेचं फळ. मी फोंड्याची. आमच्याकडे सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज आणि सोबत चेपणीचं तोर, म्हणजे मिठात दाबून मुरवलेली कोवळी कैरी असायची. ते आंबट-खारट फळ जिभेवर टेकलं आणि मला रडू आलं. आजींना वाटलं, आवडलं नाही. तोर म्हणजे काय ते सांगण्याइतकं जपानी तेव्हा येत नव्हतं, म्हणून वाटी पुसून खाल्ली आणि परत पुढे केली.

जूनमध्ये त्यांनी मला उमे मिठात घालायला बसवलं. मीठ, वरून दाब, मग लाल शिसोची पानं, आणि पाऊस सरला की तीन दिवस ऊन. तिथल्या पावसाळ्याला त्सुयु म्हणतात, आणि ते लिहिताना 'उमे' आणि 'पाऊस' अशी दोन अक्षरं येतात. आई मे महिन्यात तोरं चेपून बरणीवर दगड ठेवायची, तो दगड मला तिथे दिसत होता.

*

पेजेचं वाचलं आणि लिहायला बसले. आम्ही नाशिकचे, दोघंही शाकाहारी. जपानमध्ये आमची सगळ्यात मोठी अडचण होती दाशी, म्हणजे सुपाचं मूळ चवीचं पाणी. नुसतं भाजीचं दिसणारं सूपसुद्धा बहुतेक वेळा कात्सुओबुशीच्या, म्हणजे धुरावून वाळवलेल्या माशाच्या किसाच्या पाण्यावर उभं असतं. चार दिवस कोरा भात, फळं आणि पाव यांवर काढले. पाचव्या दिवशी ओसाकाहून कोयासान या देवळांच्या डोंगरावर गेलो. शेवटचा चढ केबल कारने. 816 साली कुकाई या भिक्षूला हा डोंगर मिळाला आणि त्याने इथे मठ वसवला. आजही पन्नासेक देवळांत यात्रेकरूंची मुक्कामाची सोय आहे.

संध्याकाळी खोलीतच लाल लाखेच्या छोट्या चौरंगांवर जेवण आलं. शोजिन र्‍योरी, म्हणजे मठातलं शाकाहारी जेवण. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, दाशी कोम्बु शेवाळाची आणि सुक्या शिताके अळंब्यांची. सासूबाईंच्या चातुर्मासाची आठवण झाली. त्यातलं गोमादोफु मी विसरणार नाही. नाव तोफूचं, पण सोयाबीन अजिबात नाही. तीळ वाटून, गाळून, कुझूच्या कंदाचं सत्त्व घालून सतत घोटत शिजवायचं आणि थापायचं. खरवसासारखं थरथरतं, आणि जिभेवर तिळाचा वास रेंगाळतो. आठ दिवसांच्या सगळ्या फिरण्यात जिवाला शांत वाटलं ते त्या घासाला.

सकाळी सहाची प्रार्थना ऐकून ओकुनोइनच्या स्मशानात गेलो. प्रचंड सुरूसारखे उंच वृक्ष आणि दोन लाखांहून जास्त समाध्या. पाच दगड एकावर एक रचलेल्या समाध्यांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली अक्षरं कोरलेली असतात. खालून वर अ, व, र, ह, ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. 'ख' म्हणजे आकाश, आपल्या खगोलातला. माझे यजमान शेवाळलेल्या दगडावर बोट फिरवत एकेक अक्षर वाचत होते. मी त्यांना घाई केली नाही.

*

आम्ही तोक्योत निशि-कासाईला राहतो. मुलगी दुसरीत आहे. शाळेत दुपारचं जेवण मुलंच वाढतात. पांढरा अंगरखा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, आणि मोठ्या भांड्यातून ओगराळ्याने प्रत्येकाला सारखं. सगळ्यांची पानं भरेपर्यंत कुणी घास घेत नाही. मग सगळे मिळून 'इतादाकिमास'. आता घरीही ती माझ्या ताटात पोळी येईपर्यंत थांबते. जेवण झाल्यावर 'गोचिसोसामा' म्हणायचं असतं. त्यातल्या 'चिसो'ची अक्षरं धावपळीची आहेत. तुमच्यासाठी कुणीतरी धावपळ करून हे आणलंय, त्याचे आभार. साताऱ्याच्या आजीने फोनवर हे ऐकलं आणि म्हणाली, "मग माझे बेचाळीस वर्षांचे राहिलेत की तुम्हा सगळ्यांकडून." त्या रात्री नवरा आणि मी दोघांनीही फोनवरून म्हटलं.

*

तोक्योत आसाकुसाला जाणाऱ्यांनी तिथल्या सेन्सोजी देवळाहून दहा मिनिटं चालत मात्सुचियामा शोदेनला जा. छोट्या टेकडीवरचं देऊळ. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती. मूर्ती गुप्त असते, दिसत नाही. त्याला मुळा वाहतात! आवारातच जाडजूड पांढरे दाइकोन विकत मिळतात. पायऱ्यांवर, दगडांवर जोडमुळ्यांची नक्षी आहे. वाहिलेले मुळे नंतर लोकांना प्रसाद म्हणून देतात. मी गिरगावात वाढलेला, हातात दूर्वा नाहीत म्हणून आधी ओशाळलो. मग मुळा घेऊन रांगेत उभा राहिलो. संकष्टी होती.

*

थंडीत गल्लीतून लांबलचक सुरात 'इशियाकी-इमो' ऐकू येतं. गरम खड्यांत भाजलेली रताळी. कागदाच्या पिशवीत हात घालून चालत घरी जायचं. महाशिवरात्रीचं रताळं चुलीतल्या राखेतलं असायचं, हे त्याहून गोड, मधासारखं ओलं. एवढंच लिहायचं होतं.

*

मी पुण्याचा. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात बाबांचा हात धरून लहानपणापासून गेलोय. ती पुणे-ओकायामा मैत्रीची बाग, ओकायामाच्या कोराकुएनवरून केलेली. गेल्या वर्षी कामानिमित्त ओकायामाला जाणं झालं. कोराकुएन 1700 साली पूर्ण झाली. नदीपलीकडे काळा किल्ला, बागेतच भाताचं खाचर आणि चहाचा मळा. आकाराने आपल्यापेक्षा कितीतरी मोठी. तरी पाण्याची वळणं, हिरवळीच्या टेकड्या पाहून पाय आपोआप ओळखीच्या वाटेने चालले.

बाबांना आता लांबचा प्रवास झेपत नाही. ओढ्याशेजारी बसून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाले, "जरा फोन खाली धर, पाण्याजवळ."