मदत हवी आहे: कोरलमधलं मराठी नाव राउटरवर कोरताना शिरोरेषेत लाकडाचे कपचे राहतात

मंडळी, कोल्हापूरजवळ माझं छोटं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. चार बाय आठ फुटांचा सीएनसी राउटर (संगणकावर चालणारं कोरायचं मशीन) घेतलाय. देव्हारे, दरवाजे, घरांच्या पाट्या अशी कामं चालतात. मी आर्टकॅम या कोरीवकामाच्या सॉफ्टवेअरवर शिकलो, पण ऑटोडेस्कनं ते २०१८ मध्ये बंद केलं, त्यामुळे आता तसंच दुसरं, व्हीकार्व्ह वापरतो. डिझाइन मात्र कोरल ड्रॉमध्येच, हाताला तेच बसलंय.

परवा सागवानी पाटीवर ‘गुरुकृपा’ कोरायचं होतं. कोरलमध्ये रुंदी ६०० मिमी. कंट्रोल क्यू दाबून कर्व्ह केले (अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा), डीएक्सएफ (रेषाचित्राची फाइल) काढली आणि व्हीकार्व्हमध्ये उघडली, तर नाव २३.६२ मिमीचं! पोस्टाच्या तिकिटाएवढं. हाताने ताणून ६०० केलं आणि ९० अंशाच्या व्ही बिटने (टोकदार पात्याने) कोरायला लावलं. अक्षरं छान उतरली, पण जिथे एका अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षराला मिळते तिथे प्रत्येक सांध्यावर लाकडाचा बारीक कपचा तसाच उभा राहिला. पटाशीने काढायला गेलो तर कड फुटली. साग गेला तो गेलाच.

इंग्रजी नावं एकदम साफ निघतात. घोडं अडतं ते मराठीवरच. फाँट युनिकोड आहे. कोरलमध्ये सगळं वेल्ड करूनही (एकमेकांवर चढलेले आकार मिसळून एक करूनही) पाहिलं, तर ‘क’ आणि ‘प’ची पोटंच, म्हणजे आतली मोकळी जागा, बुजली. काय चुकतंय?

प्रतिसाद १
२३.६२ ला २५.४ ने गुणा, ६०० येतात. म्हणजे फाइल इंचात निघाली आणि तुम्ही ती मिलिमीटर म्हणून उघडली. एक्स्पोर्टच्या खिडकीत युनिट मिलिमीटर करा. हाताने ताणू नका. घराच्या पाटीला चालून जातं, पण बिजागरीची खाच असेल तर फसाल.

प्रतिसाद २
कपच्याचं कारण वेगळं आहे. देवनागरी फाँटमध्ये शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून प्रत्येक अक्षराची रेघ पुढच्या अक्षरावर थोडी चढवलेली असते. व्ह्यू मेनूतून वायरफ्रेम (नुसत्या बाह्यरेषा) करून बघा, लगेच दिसेल. सॉफ्टवेअरचा हिशेब साधा असतो: एका रेषेच्या आत गेलं की कोरायचं, त्याच्या आत आणखी एक रेषा लागली की सोडायचं. ‘प’चं पोट त्यामुळेच वाचतं आणि चढलेला तुकडाही त्यामुळेच वाचतो. इंग्रजी छापील अक्षरं सुटी असतात, म्हणून तिथे त्रास नाही.

वेल्ड बरोबर आहे, पण त्याआधी एक पायरी राहिली. कर्व्ह केल्यावर कंट्रोल के ने सगळं सुटं करा. मग ‘क’ची बाहेरची रेषा आणि त्याचं पोट एकत्र निवडून कंट्रोल एल, म्हणजे दोन्ही मिळून एक आकार. ‘प’चंही तसंच. ज्या ज्या अक्षराला बंद पोट आहे त्या सगळ्यांचं करा. त्यानंतर सगळं निवडून वेल्ड. पोटं शाबूत राहतील.

आणि असल्या कामाला डीएक्सएफ कशाला? ईपीएस (रेषाचित्राचाच दुसरा फाइल प्रकार) द्या. त्यात माप पॉइंटमध्ये असतं, ७२ पॉइंटचा एक इंच, त्यामुळे युनिटचा घोळ होत नाही. वळणंही वळणंच राहतात. डीएक्सएफच्या जुन्या आर १२ आवृत्तीत स्प्लाइनच (गुळगुळीत वळणरेषा) नाही, वळणाचे बारीक सरळ तुकडे पडतात आणि मशीन त्यावरून थरथरत जातं.

धागाकर्ता
दोघांचे आभार. वायरफ्रेम केलं आणि कपाळावर हात मारला, ‘पा’चा काना थेट ‘प’च्या रेघेत घुसलेला! तुम्ही सांगितलं तसं करून ईपीएस काढली, व्हीकार्व्हमध्ये बरोबर ६०० आली. आधी एमडीएफच्या तुकड्यावर कोरून पाहिलं, शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साफ.

फक्त ‘कृ’च्या खालच्या आकड्यापाशी एक रेषा उघडी (टोकं न जुळलेली) दाखवत होती. व्हीकार्व्हच्या जॉइनमध्ये टॉलरन्स (किती फट जोडायची ते) ०.१ मिमी दिला, मिटली. आता सागाची नवी फळी रंधायला घेतो.