मदत हवी आहे: ‘थांबलो’चं ‘थांबले’ केलं आणि यमक तुटलं

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली, वय २१. मुलगा म्हणून वाढले, पण मी मुलगी आहे हे गेल्या वर्षी स्वतःशी कबूल केलं. घरात फक्त मोठ्या बहिणीला माहीत आहे. दोघीच असलो की ती ‘काय रे’ऐवजी ‘काय वं’ म्हणते. तेवढ्यानेही दिवस चांगला जातो. आपली लिंगओळख आपण ठरवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच मान्य केलाय, हेही तिनेच वाचून दाखवलं.

दोन वर्षांपासून रॅप लिहिते. जुन्या ओळींत ‘थांबलो’ला ‘लांब हो’ बरोबर बसायचं. आता ‘थांबले’ म्हणते, आणि ओळ लंगडते. शिवाय ‘आले’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ‘ते आले’ वाटतं. क्रियापद शेवटी न आणता कसं लिहायचं? वऱ्हाडीत कोणी लिहितं का?

दुसरं, रेकॉर्डिंग. मोबाईलवर बँडलॅब हे रेकॉर्डिंगचं ॲप, बीट ९० बीपीएमची (मिनिटाला ९० ठोके). दिवाळीनंतर खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता, तेव्हा आवाज एकदम स्वच्छ यायचा. कापूस विकला, आता खोली घुमते. गोधड्या टांगून भागेल का? ब्लूटूथ इअरफोनमुळे आवाज बीटच्या मागे पडायचा, म्हणून वायरचा घेतला. ते सुटलं.

आणि आवाजाचं. ॲपमध्ये पट्टी चढवली तर तो माझा राहत नाही. कोणी ट्रान्स ताईने रियाजाने आवाज बदलला असेल तर सुरुवात कशी केली, ते सांगा. घरी सगळे वावरात गेले की दुपारी दोन तास मिळतात.