बंड्याची ताटली, आणि म्हाताऱ्या कुत्र्यांचे जेवणाचे नखरे

जास्वंदी

गणपती तोंडावर आलेत म्हणून काल माळा उतरवला. बंब निघाला, पाटा निघाला, आणि सगळ्यात खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक स्टीलची ताटली. काठाला पोचा, मागे मशीननं कोरलेलं: "चि. बंड्या, १२-६-९८". आईनं दोन जरीच्या साड्या बोहारणीला दिल्या तेव्हा घासाघीस करून वर घेतलेली ताटली. नाव बाबांनी घातलं. आमच्या कोणाच्या नावाची ताटली नव्हती, पण पामेरियनच्या नावाची होती.

बंड्या १३ वर्षांचा झाला आणि जेवेना. आधी पोळी सोडली, मग भात, मग अंडं. आई म्हणायची, म्हातारचळ लागलाय मेल्याला. मी तुपाची वाटी घेऊन घरभर मागे मागे, बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "नामदेवानंतर तूच गं." मग कलेजी आणली. आमच्या घरात कलेजी म्हणजे काय ते समजून घ्या, आईनं त्यासाठी गॅलरीत वेगळी शेगडी मांडली होती. पहिल्या दिवशी दोन घास खायचा, दुसऱ्या दिवशी हुंगून तोंड फिरवायचा. की आम्ही नवीन काहीतरी शिजवायला मोकळे. पनीर, खिमा, दूधबिस्किट, एकदा तर साबुदाण्याची खीर.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला. वरची दाढ मुळापासून कुजलेली. डोळ्याखाली जराशी सूज होती, ती आम्हाला रोज दिसत होती, कोणाच्या डोक्यात काही आलं नाही. दोन महिने स्वयंपाकघर पालथं घातलं पण त्याचं तोंड उघडून बघितलं नाही. दाढ काढल्यावर चौथ्या दिवशी त्यानं हीच ताटली चाटत चाटत पार भिंतीपर्यंत सरकवत नेली.

(पोचा त्याच्यामुळे नाही. आईनं एकदा रागानं आपटली होती.)

तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांचं लिहा ना. मला जरा वाचायचंय.

टिकली

चि. बंड्या!! मेले मी

खडूस_काका

लॅब्रडॉर जेवत नाही हे वाक्य आमच्या घरात १२ वर्षांत एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं. आमच्या मोत्यानं कोयीसाठी शेजाऱ्यांशी वैर घेतलेलं. त्यानं ज्या दिवशी हापूसच्या सालीकडे बघून मान फिरवली त्या दिवशी सकाळचा चहा न घेता दवाखान्यात गेलो. रक्तात क्रिएटिनिन ५.२, नको तितकं जास्त. म्हणजे किडन्या.

एक लक्षात ठेवा. त्याला भूक नव्हती असं नाही. ताटापर्यंत यायचा, ओठ चाटायचा, लाळ गळायची, आणि मागे फिरायचा. मी त्याला नाटकं म्हणत होतो. डॉक्टर म्हणाले, ही मळमळ आहे. तुम्हाला बोट लागल्यावर कोणी बासुंदी पुढे केली तर काय कराल? आधी मळमळीचं औषध, अर्ध्या-पाऊण तासानं जेवण, असं सुरू केल्यावर खाऊ लागला. घरी कातडीखाली सलाईन द्यायलाही शिकलो. बायको सुईला घाबरते म्हणून ती पिशवी धरायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

आणि औषधाची गोळी आवडत्या पदार्थात लपवू नका. चीजमध्ये लपवली, दोनदा फसला, नंतर चीज त्याच्या आयुष्यातून गेलं. आधीच चार पदार्थ खात होता, त्यातला एक मी घालवला.

पावशेर

जास्वंदी, भांड्यावर नाव घालणारे आता कुठे बसतात? आमच्या इथला म्हातारा मशीन घेऊन दुकानाच्या पायरीवर असायचा, गेला बहुतेक. मला मुलीच्या डब्यावर घालायचंय, शाळेत तिसरा डबा हरवला.

गोठ्यामागचा

आमच्याकडं कारवानी होता, मेंढरांमागं फिरलेला. ज्वारीची भाकरी अन् ताक, बास. आजा जेवून उठला, लोट्यानं चूळ भरली की तो आवाज ऐकून हा दारात यायचा. दहा-अकरा वर्सं तोच नेम. मग म्हातारपणी जेवायचंच बंद केलं. आम्ही म्हणलं दमला असंल, आधी त्याला वाढू. आजाच्या आधी ठेवलेल्या भाकरीला शिवला न्हाई. मटणाचा रस्सा कालवून दिला तरी न्हाई.

नंतर ध्यानात आलं, कान गेलं होतं. चूळ ऐकूच येत न्हवती, म्हंजी त्याच्या हिशोबानं आजा अजून जेवतोयच. मग आजा रोज जेवण झालं की लोटा घेऊन त्याच्या म्होरं जायचा, डोळ्यादेखत चूळ भरायचा. मग उठायचा गडी.

सुमीकाकू

गोठ्यामागचा, हे वाचून कणीक मळायची थांबले रे.

आमची राणी. १० वर्षांची, ऑपरेशन केलेलं नव्हतं (आमची चूक). माजावर येऊन महिना होऊन गेला होता. खाणं बंद आणि पाणी मात्र भांडंच्या भांडं. सासूबाई म्हणाल्या उन्हाळा आहे, पिणारच. गर्भपिशवीत पू झाला होता. त्याच रात्री ऑपरेशन करावं लागलं, वाचली. मादी असेल, वय झालेलं असेल आणि पाणी खूप पीत असेल तर खिमा-बिमा शिजवत बसू नका, उचला आणि न्या. सविस्तर नंतर लिहिते, कुकर झाला.

घाईत_आहे

धागा बरा दिसला. आमचा ढोल्या, गावठी, १२ वर्षं. परवापासून काही खात नाही, अंग गरम लागतंय. आज रविवार, आमचे डॉक्टर नाहीत. आपली तापाची गोळी अर्धी देऊ का?

खडूस_काका

नाही!!

सुमीकाकू

नको नको नको. माणसाची कुठलीच तापाची, दुखण्याची गोळी नको. पॅरासिटामॉल नाही, आयबुप्रोफेन तर मुळीच नाही. कुत्र्यांना बाधतात, जीव जाऊ शकतो.

परसबाग_न्यूजर्सी

अजिबात देऊ नका. दुसरे डॉक्टर बघा, फोनवर तरी बोला. हिरड्यांचा रंग बघा, पांढरट वाटल्या तर उद्यावर टाकू नका.

पावशेर

मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा, प्राण्यांचं हॉस्पिटल. टॅक्सीवाल्याला हॉस्पिटलचं पूर्ण नाव सांगितलंत तर तो तुमच्याकडे बघत बसेल, "बैलघोडा" म्हणा. आणि कान, काखा, बोटांच्या बेचक्या बघा, गोचीड आहे का. पावसाळ्यात आमच्या दोघांना गोचिडांमुळे ताप आला होता, प्लेटलेट इतक्या उतरल्या की मोठ्याच्या नाकातून रक्त. पहिलं लक्षण काय, तर जेवण सोडलं.

घाईत_आहे

मुंबई नाही, साताऱ्याच्या पुढे. गोळी नाही दिली. कानात ३ गोचीड निघाले. बघते कोणी मिळतंय का

परसबाग_न्यूजर्सी

तोवर माझं लिहिते. आमचा डॅक्सहुंड १५चा होता. इथे घरात आम्ही दोघंच, दोघांच्या नोकऱ्या, त्यामुळे त्याचं जेवण म्हणजे आयतं पाकीट. तेही सोडलं तेव्हा मी हुशारीनं दुकानातलं भाजलेलं आयतं चिकन आणलं. मिटक्या मारत खाल्लं. आठवडाभर मी खुशीत. मग एकदा सहज डब्यावरची बारीक अक्षरं वाचली, कांद्याची पूड, लसणाची पूड. कांदा-लसूण कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात हे मला पक्कं ठाऊक होतं, घरच्या रश्श्यातला तुकडा मी कधी दिला नव्हता. पण पूड डोळ्यांना दिसत नाही ना. लहान बाळांच्या तयार खाण्याच्या बाटल्यांतही कधीकधी असते. आणि इकडच्यांसाठी: शेंगदाण्याच्या लोण्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) नाही ना हे बघा, ते तर विषच.

शेवटी चाललं काय? बिनमिठाचं चिकन नुसत्या पाण्यात उकडायचं आणि ते पाणी कोमट करून त्याच्याच पाकिटातल्या खाण्यावर ओतायचं. म्हाताऱ्यांना वास कमी येतो, फ्रिजमधलं गार अन्न म्हणजे त्यांच्यासाठी पुठ्ठा. आपल्या अंगाइतकं कोमट केलं की वास सुटतो. गरम नाही हं, मायक्रोवेव्हमधून काढल्यावर बोट घालून ढवळा, मध्येच चटका लागतो.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "तुझ्या आजोबांचंही हेच होतं, गरम पेज दिली की खायचे."

नागपुरी_संत्रं

काय सांगू राजेहो. आमचा शेरू डॉबरमॅन, १०चा. उभा राहून खाली मान घालायचा, कुंईं करायचा, निघून जायचा. मानेचे मणके झिजले होते. डॉक्टरनं सांगितलं ताट उंचावर ठेवा. घरात त्या उंचीचं एकच सामान, सत्यनारायणाचा चौरंग. सासूबाईंना विचारायची हिंमत कोणाची? मी शेगडीजवळ दोन डब्यांवर फळी टाकून बघत होतो, ती हलत होती, शेरू घाबरत होता. सासूबाई दोन दिवस नुसत्या बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी उठतो तर चौरंगावर शेरूचं ताट. म्हणल्या, "दत्ताच्या पायाशी चार बसतात न, मग याले काय झालं."

पूजेसाठी नवा आणला नंतर. मोठा चौरंग शेरूचाच.

टिकली

सासूबाईंना नमस्कार __/\__

मांजरवाला

कुत्र्यांचं माहीत नाही पण आमचा बोका २ दिवस जेवला नाही तर आम्हाला सांगितलं होतं की मांजरांना उपास चालत नाही, यकृतावर येतं. विषयांतर वाटलं तर सोडून द्या.

खडूस_काका

विषयांतर कसलं, वर डब्यावर नाव घालायची चौकशी चालू आहे.

लिंबूटिंबू

तुपावरून. माफ करा पण आमचा अनुभव वाईट आहे. स्पिट्झ, १३ वर्षं, खायची नाही म्हणून बाबा भातावर तूप घालायचे, मग तूप वाढत गेलं, मग एका दिवाळीत चिवड्याचं तळणीतलं तेलकट काहीतरी. रात्री उलट्या, पोट धरून कमानीसारखी उभी. स्वादुपिंडाला सूज. चार दिवस दवाखान्यात. बाबा तुपाच्या बरणीकडे बघेनात. त्यांना कोणी काही बोललं नाही, पण ते स्वतःच वरण-भात बिनतुपाचा खायला लागले ते आजतागायत.

जास्वंदी

लिंबूटिंबू, माफी कसली, बरं झालं लिहिलंत. बंड्यालाही मी काय कमी पाजलंय. त्याचं नशीब आणि माझं.

सुमीकाकू

आले परत. राहिलेलं: राणीला नंतर सिरिंजनं भरवायचो. समोरून घशात मारू नका, गालाच्या खिशात बाजूनं, थोडं थोडं, मान सरळ ठेवून. नाहीतर फुप्फुसात जातं. आणि तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. माझ्या जावेनं तिच्या कुत्र्याला ठसके लागेपर्यंत भरवलं, तो तिला बघून पलंगाखाली जाऊ लागला. जावेच्या हातचं माणसंही सहसा खात नाहीत म्हणा.

पावशेर

काकू :)) जाऊबाई वाचतात का इथे?

सुमीकाकू

वाचू दे.

भटकी_चप्पल

सगळे आजार लिहितायत, आमच्याकडे आजार नव्हता. सगळे रिपोर्ट चांगले, दात चांगले. १४ वर्षांचा वाघ्या. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला गेला आणि याची भूक गेली. दुपारी तो एकटा असायचा, ताट भरून ठेवून आम्ही कामाला. संध्याकाळी तसंच. मुंग्या. मग ताट दिवसभर ठेवायचं बंद केलं, १५-२० मिनिटांत उचलायचं आणि कोणीतरी घरी असतानाच पुन्हा मांडायचं, थोडं थोडं चार वेळा. आणि वडील शेजारी पाट घेऊन स्वतः काहीतरी खात बसायचे. चुरमुरे, काहीही. त्याच्याकडे अजिबात न बघता. बघितलं की थांबायचा. वडिलांचं वजन ४ किलो वाढलं, वाघ्याचं दीड.

घाईत_आहे

वाईत एक डॉक्टर भेटले. रक्त घेतलं, रिपोर्ट उद्या. बहुतेक गोचीडतापच म्हणाले, गोळ्या लगेच सुरू केल्या. उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं. मनुका द्यायचो रोज ४-५, त्यावरून ओरडा खाल्ला, द्राक्षं-मनुका कुत्र्याला वाईट म्हणे?? इतकी वर्षं देतोय

परसबाग_न्यूजर्सी

हो, किडनीवर येतं. कोणाला बाधेल सांगता येत नाही म्हणून देऊच नये. चॉकलेटही नाही. आता आणखी ओरडा नाही खाल्लात तरी चालेल, झालं ते झालं.

गोठ्यामागचा

ताई पाणी पितोय का? पाणी प्यायला की अर्धं काम झालं.

घाईत_आहे

पितोय थोडं. आत्ता चिकन उकडायला लावलं, बिनमिठाचं. शिट्टी झाली तसा उठला, भिंतीला टेकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला, हुंगलं आणि तिथेच बसला. खाल्लं नाही. पण परवापासून जागचा हलला नव्हता.

खडूस_काका

दारात बसू दे त्याला. ताट त्याच्या नाकाखाली नेऊ नका. तुम्ही तुमचा चहा करा.

घाईत_आहे

बरं

नागपुरी_संत्रं

जास्वंदी, त्या ताटलीचं आता काय करणार?

जास्वंदी

घासून ठेवलीय. बाबा काल त्यातच चकली घेऊन बसले होते, आईनं बघितलं आणि काही बोलली नाही.

पावशेर, तुमचं काम झालं. भाजी मंडईच्या मागे भांडीवाल्यांच्या गल्लीत कोपऱ्यावर अजून एक जण बसतो, ताटली दाखवायला घेऊन गेले होते. अक्षरावर पैसे घेतो.

पावशेर

वा! किती वाजेपर्यंत असतो? आणि जोडाक्षराचं एकच धरतो का दोन?