तलाठ्यांनी आठवड्यातून एक दिवस तरी गावात बसायला हवं

बागायतदार, दिंडोरी तालुका:
वडील गेले. वारस नोंदीसाठी आईला घेऊन चार वेळा तलाठी कार्यालयात गेलो. तीन वेळा दाराला कुलूप. दारावर वहीचा कागद चिकटवलेला, त्यावर मोबाईल नंबर, आणि पावसाने शेवटचे दोन आकडे धुऊन गेलेले. आई पायरीवर बसून राहिली, मांडीवर कागदांची पिशवी. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पदाचं नाव काहीही असो, माणूस ठरल्या दिवशी गावात भेटला पाहिजे. ऑनलाइनच्या नावाखाली गावातलं कार्यालयच ओस पडत चाललंय, हे मला मान्य नाही.

निवृत्त मंडळ अधिकारी, नाशिक:
तुमच्या आईंना त्रास झाला, वाईट वाटलं. पण कुलूप म्हणजे कामचुकारपणा, असं समजू नका. एकेका तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा, म्हणजे गावांच्या गटांचा, कार्यभार असतो. गारपीट झाली की बांधावर जाऊन पंचनामे, मतदार याद्या, वर तहसीलच्या बैठका. मी स्वतः द्राक्षबागांचे पंचनामे करत अख्खे आठवडे बाहेर काढलेत. आणि वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या करता येतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. त्यासाठी कुणाला खुर्चीत बसवून ठेवायची गरज नाही.

पेठची लेक:
काका, घरबसल्या म्हणता, पण आमच्या पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. आमची माणसं भात-नागलीची कामं आटोपली की दिंडोरी, निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जातात. एका खेपेत काम झालं नाही तर दोन दिवसांची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. माझ्या मावशीच्या आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं. संकेतस्थळ अर्ज परत पाठवतं, पण काय जोडायचं ते तिला कळेल असं सांगत नाही. समोर बसलेला माणूस दोन मिनिटांत सांगतो.

सेतूवाला, सिन्नर:
माझं दोघांपेक्षा वेगळं मत आहे. माणूस गावात बसला म्हणून काम होतंच असं नाही, पूर्वी रोज बसायचे तेव्हाही लोक हेलपाटे घालायचेच. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा वापरा. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. अर्जाची पोच घ्या, मुदत टळली की अपील करा. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण पोचपावती तिथेच टेबलावर विसरून जातात, मग तारीख कशी सिद्ध करणार?

बागायतदार, दिंडोरी तालुका:
पोचेचं पटलं. मी पहिल्या खेपेला कागद नुसतेच दिले होते, ही माझी चूक. पण दादा, अपील करायला लिहिता-वाचता यावं लागतं, आणि ज्याच्याकडे उद्या परत जायचंय त्याच्याविरुद्ध आई अपील करणार नाही. काका, रोज बसा असं मी म्हणतच नाही. आमच्या बाजाराच्या दिवशी सकाळी तीन तास बसा. पंचनाम्याला जावं लागलं तर आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा आणि बदली दिवस द्या. एवढंच मागतोय.

निवृत्त मंडळ अधिकारी, नाशिक:
बाजाराचा दिवस चालेल, त्या दिवशी माणसंही येतात. पण बदली दिवसाचा शब्द कुणी देऊ नये. अवकाळी पाऊस झाला की तोही पाळता येत नाही, मग लोकांचा राग दुप्पट होतो.

पेठची लेक:
मग नुसतं “उद्या नाही” एवढं तरी लिहा ना, काका. तेवढ्यानेही आमची मजुरी वाचेल.

बागायतदार, दिंडोरी तालुका:
२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडतोय, तो तहसीलदारांकडे पाठवू. काका, मसुदा तुम्ही एकदा नजरेखालून घालाल का? बदली दिवसाचं वाक्य मी त्यात ठेवणार आहे.