अण्णांच्या पुस्तकाची सीडी उघडली, पण आत मराठीच नाही!

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. आमचे अण्णा, वय ८१, वाळवा तालुक्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. २००४ साली त्यांनी शेतीतल्या शब्दांचं एक पुस्तक पदरचे पैसे घालून काढलं होतं. कुळव, पाभर, रुमणं, शिवळ. मोटेचेच शब्द चार पानं भरून आहेत: नाडा, सोल, धाव, थारोळं. एकूण २१२ पानं, ५०० प्रती, बहुतेक फुकट वाटल्या. तेव्हापासून वहीत आणखी तीनेकशे शब्द जमलेत आणि आता "दुसरी आवृत्ती कधी काढतेस?" म्हणून रोज फोन.

ज्यांनी कंपोझ केलं त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. आमच्याकडे उरली ती एक सीडी. भाच्याच्या जुन्या पीसीवर लावली तर पेजमेकरच्या (पुस्तकाची पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) सात फायली, फॉन्टचा फोल्डर आणि कुणाची तरी लग्नपत्रिका निघाली. एका ओळखीच्यानं त्यातला थोडा मजकूर वर्डमध्ये काढून दिला. त्यात 'पाभर' हवं तिथे इंग्रजीत आय, के, कॅपिटल एच, के, जे असं लिहिलंय! फॉन्ट टाकला की पाभर दिसते, काढला की गायब. अण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवलं तर म्हणाले, "पोरी, हे माझं पुस्तक नव्हे, कुणाचं तरी पासवर्ड दिसतंय."

असल्या जुन्या फॉन्टचं आजचं मराठी करून देणाऱ्या इंटरनेटवरच्या एका कन्व्हर्टरमध्ये दोन पानं टाकून बघितली. बरंचसं मराठी आलं, पण 'कुऱ्हाड'चं 'कुर्हाड' झालं, आणि मध्येच असले शब्द आले की वाचताही येईनात. एक टायपिंगवाले पानाला ४० रुपये सांगतात, म्हणजे साडेआठ हजाराला फोडणी. काय करू?

रविवार_सकाळ

एवढा विचार कशाला? छापलेल्या पुस्तकाचे मोबाईलनं फोटो काढा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी ओळखतं. मी आईच्या रेसिपींच्या छापील कात्रणांचं असंच केलं, एका दुपारचं काम.

बटर_पेपर

ताई, मी १९९६ ते २०१४ मिरजेत डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, केलं. जरा सविस्तर लिहितो, कारण हे दुखणं रोज कुणाचं ना कुणाचं येतं.

आधी सीडी दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा. वीस वर्षांची सीडी आज चालली म्हणून उद्या चालेलच असं नाही.

तुमचा फॉन्ट कृतिदेवच्या घराण्यातला आहे. आय-के-एच-के-जे वाचून डोळे मिटून सांगतो, त्या अक्षरांवर आमचं पोट चाललं. ते खरोखर इंग्रजीच आहे. कॉम्प्युटरच्या लेखी आम्ही इंग्रजीच मारत होतो, फॉन्टनं त्या प्रत्येक अक्षराच्या जागी मराठीचा तुकडा बसवलेला. अख्खं अक्षरही नाही, तुकडा. के म्हणजे काना. कॅपिटल एच म्हणजे भ चं डावं अंग. भ हवा असेल तर एच मारायचा आणि के मारून त्याला दांडी लावायची. म्हणजे तुमच्या पाभरमध्ये के दोनदा आहे: एकदा प चा काना म्हणून आणि एकदा भ ची दांडी म्हणून. ख, ध, ण, श, ष ही मंडळीही अशीच दोन तुकड्यांची. कन्व्हर्टरनं इथे घोळ घातला की पुढचा अख्खा शब्द वाहून जातो.

दुसरी भानगड पहिल्या वेलांटीची. आम्ही टाइपरायटरवाल्यांसारखं, दिसतं तसं मारायचो. 'निर्मिती' मारायचं तर आधी वेलांटी, मग न, परत वेलांटी, म, त्यावर रफार, शेवटी त आणि दुसरी वेलांटी. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा आकडा देणाऱ्या आजच्या पद्धतीत, बोलतो तसं जातं: न, त्याची वेलांटी, मग र, हलन्त, म, त्याची वेलांटी. म्हणजे कन्व्हर्टरला प्रत्येक वेलांटी उचलून अक्षराच्या मागे न्यावी लागते आणि रफार उचलून पुढे आणावा लागतो.

आता तुमच्या कामाचं. मजकूर साध्या टेक्स्टमध्ये काढू नका, आरटीएफमध्ये (फॉन्टची नोंद जपणारी फाइल) काढा. टेक्स्टमध्ये कुठला शब्द कुठल्या फॉन्टमध्ये होता ते पुसलं जातं. मग पुस्तकात जिथे खरंच इंग्रजी शब्द आहेत, वनस्पतींची शास्त्रीय नावं वगैरे, त्यांचंही कन्व्हर्टर मराठी करून टाकतो. तुमचे न वाचता येणारे शब्द बहुधा तेच. आरटीएफ वर्डमध्ये उघडून फॉन्टवरून शोधा, खऱ्या इंग्रजीला रंग द्या, ते बाजूला ठेवून उरलेलं कन्व्हर्ट करा. आणि पेजमेकरमध्ये मजकूर सलग जोडलेला आहे का बघा. घाईत काम केलेलं असलं तर प्रत्येक पानाचा ठोकळा वेगळा असतो, मग २१२ वेळा एक्सपोर्ट. (मी पण घाईत केलेत असले ठोकळे. बटर पेपरवर काढलेली पानं सकाळी सातला छपाईची प्लेट बनवणाऱ्याकडे पोचवायची असली की कोण जोडत बसतो?)

रविवार_सकाळ, तुमचा उपाय रेसिपींना ठीक. पण इथे शब्दच असे आहेत की यंत्राला ते चुकलेले वाटतात. मी एका पुस्तकाचं असं करून बघितलं, 'शिवळ'च्या जागी छान शुद्ध 'शिवाय' आला. वाचताना डोळ्याला खटकतही नाही. कन्व्हर्टरची चूक निदान ओरडून सांगते.

आणि कुणी तरुण मंडळी "तेव्हाच युनिकोडमध्ये का नाही केलंत?" विचारायला येण्याआधीच सांगतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ ची, तिला युनिकोड ठाऊकच नव्हतं. विंडोज एक्सपीत देवनागरी हवी तर सीडी घालून वेगळी चालू करावी लागायची. पेजमेकरनंतरच्या इनडिझाइनमध्ये आपली जोडाक्षरं सरळ बसायला २०१२ चं सीएस६ उजाडलं. आम्ही काय करणार होतो, खिळे जुळवणार?

अर्धविराम;

मी असले कन्व्हर्टर लिहिलेत, म्हणून 'कुऱ्हाड'बद्दल. बरेच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनलेत आणि हिंदीला 'ऱ्हा'तला हा अर्धा र लागतच नाही. त्यामुळे त्याचा रफार होतो. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहितात: नुक्ता (खाली टिंब) असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडक चिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, पण साध्या शोधात एकाला दुसरा सापडेलच असं नाही. एकच तऱ्हा ठरवा आणि बदला-शोधा करून सगळीकडे तीच करा. ॲ चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी अ ला वर चंद्र लावून काम भागवायचे. जुने कन्व्हर्टर अजून तसंच करतात.

कृष्णाकाठची

तीन आठवड्यांनी लिहितेय, क्षमस्व. बटर_पेपर दादा, ठोकळे वेगळेच होते. २१२ नाही, १९०. भाच्यानं दोन रविवारी काढले, बदल्यात माझ्याकडून हेडफोन उकळले. इंग्रजीला रंग दिल्यावर निम्मा कचरा खरंच गेला, तुम्ही म्हणालात तशी शास्त्रीय नावंच होती ती.

आता रोज रात्री साडेआठला अण्णांना फोन लावते. मी कॉम्प्युटरवरून वाचते, ते तिकडे छापील प्रत धरून बसतात. 'प'पर्यंत आलोय. काल एके ठिकाणी मी म्हटलं, इथे कन्व्हर्टरनं चुकवलंय, 'जुपणी'चं 'जूपणी' लिहिलंय. तिकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "पुस्तकातही तेच आहे. ते माझ्याच हातचं." वीस वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं म्हणे. त्यावर दहा मिनिटं हसत होते.

एकच अडलंय. नवे शब्द घालून वर्णक्रम लावला तर 'माळवं' हे 'मावळा'च्या आधी आलं. अण्णा म्हणतात, ळ ह च्या पुढे, हे कोण शिकवलं याला?

अर्धविराम;

युनिकोडच्या तक्त्यात ळ ल च्या शेजारी बसवलाय: ल ०९३२, ळ ०९३३. नुसत्या आकड्यांवर क्रम लावला की असंच होणार. अण्णा बरोबर आहेत.

बटर_पेपर

तेवढे ळ चे शब्द हातानं हलवा, ताई. आणि आवृत्ती निघाली की एक प्रत मिरजेला. पैसे देऊन घेणार, फुकट नको.